दादरची गर्दी ‘अले’ का होत नाही?

परळच्या एक वाचक भगिनी बँकेच्या स्पर्धापरीक्षेची तयारी करीत आहेत. रोज दहा नवे इंग्रजी शब्द, प्रत्येकाचे चार-पाच समानार्थी शब्द आणि एक नमुना-वाक्य अशी वही त्यांनी गेले सहा महिने नेमाने लिहिली आहे. त्या वहीत ‘अले’, ‘अलेव्हिएट’, ‘असवेज’, ‘मिटिगेट’ आणि ‘अमीलिओरेट’ हे पाच शब्द एका ओळीत असून त्यांच्यापुढे ‘कमी करणे, शमवणे’ असा एकच अर्थ लिहिलेला आहे. निबंधात त्यांनी ‘रेल्वे शुड अले द क्राउड अ‍ॅट दादर’ असे लिहिले, तेव्हा शिकवणीच्या सरांनी ‘अले’वर काट मारली, दुसऱ्या खेपेस त्यांनी ‘अलेव्हिएट द क्राउड’ असे लिहिले, तर तेही खोडले गेले. शब्द समानार्थी आहेत तर एकाच्या जागी दुसरा का चालत नाही, आणि चालत नसेल तर समानार्थी शब्द व नमुना-वाक्ये पाठ करण्याची ही पद्धतच व्यर्थ आहे काय, असे त्या विचारतात.

पद्धत व्यर्थ नाही, परंतु वहीतले दोन्ही रकाने जे सांगायला हवे ते सांगत नाहीत. ते काय, हे इंग्रजीत शिरण्यापूर्वी मराठीतच पाहणे सोपे जाईल. कोणतीही त्रासदायक गोष्ट कमी झाली, हे सांगायला आपण घरात किती क्रियापदे वापरतो, ते आठवून पाहावे. ताप उतरतो, पूर ओसरतो, वारा पडतो, तणाव निवळतो, तहान भागते, शंका फिटते, पाऊस उघडतो. या सगळ्यांच्या मुळाशी ‘कमी होणे’ किंवा ‘संपणे’ हाच अर्थ आहे. तरीही ‘माझी शंका उतरली आणि ताप भागला’ असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला अर्थ कळूनही तो हसल्यावाचून राहणार नाही. शंकेला ‘फिटणे’च लागते, हे आपल्याला कोणत्याही कोशाने शिकवलेले नाही, कारण नाम आणि क्रियापद आपल्या कानांवर पहिल्यापासून जोडीनेच पडत आले आहेत. इंग्रजी शब्द आपल्याकडे अशा जोडीने न येता यादीतून सुटे येतात, आणि खरी अडचण तेथे आहे.

आता दादरकडे वळू. या वाक्यातली पहिली चूक क्रियापदाची नसून नामाची आहे, आणि ती आपल्या मराठीमुळे झालेली आहे. ‘गर्दी’ या एका शब्दात आपण दोन गोष्टी सांगतो: जमलेली माणसे, आणि त्या माणसांमुळे होणारी दाटी. ‘गर्दी पांगली’ म्हणताना माणसे अभिप्रेत असतात, तर ‘गर्दीने जीव नकोसा झाला’ म्हणताना दाटी. इंग्रजीने ही वाटणी शब्दांतच करून ठेवली आहे. ‘क्राउड’ म्हणजे माणसे. ती ‘डिस्पर्स’ होतात, विरळ झाली तर ‘थिन’ होतात. दाटीसाठी ‘क्राउडिंग’, ‘ओव्हरक्राउडिंग’ किंवा ‘कन्जेशन’ हे शब्द आहेत, आणि ‘अलेव्हिएट’ची सोयरीक यांच्याशी जुळते, कारण ते क्रियापद भार हलका करण्याचे आहे. माणसे हलकी करता येत नाहीत. त्यांच्या दाटीचा भार हलका करता येतो. म्हणून ‘अलेव्हिएट ओव्हरक्राउडिंग’ बरोबर आणि ‘अलेव्हिएट द क्राउड’ चूक. सरांनी दोन्ही वेळा योग्यच काट मारली, फक्त दुसऱ्या वेळी काट कशावर मारली आहे ते सांगायला हवे होते.

‘अलेव्हिएट’च्या पोटात लॅटिनमधला ‘लेव्हिस’ म्हणजे हलका हा शब्द आहे, आणि तो आपल्या ‘लघु’चा दूरचा भाऊबंद लागतो. ज्याचे ओझे वाटते त्या सगळ्याशी हे क्रियापद जाते: वेदना, हालअपेष्टा, गरिबी, दाटी, कंटाळासुद्धा. ओझे हलके झाले म्हणजे ते नाहीसे झाले असे मात्र नव्हे. सरकारी मराठीत ‘पॉव्हर्टी अलेव्हिएशन’ला सर्रास ‘दारिद्र्य निर्मूलन’ म्हणतात, तेव्हा इंग्रजी योजना भार हलका करण्याचे सांगत असते आणि मराठी फलक तो मुळासकट उपटण्याचे वचन देत असतो. असो.

‘अले’ हा या पाचांतला अस्सल जुना इंग्रजी शब्द असून खाली ठेवणे, निजवणे या अर्थाच्या ‘ले’शी त्याचे नाते आहे. मनात उठलेली गोष्ट खाली बसवणे हे त्याचे काम. म्हणून भीती, शंका, संशय, चिंता ही त्याची नेहमीची कर्मे. मराठीत शंका फेडण्याचे आणि भीती घालवण्याचे जे काम आपण करतो, ते इंग्रजीत ‘अले’ करते. उच्चारताना जोर दुसऱ्या अक्षरावर द्यावा. पहिल्यावर दिला तर ऐकणाऱ्याला ‘अ‍ॅली’, म्हणजे गल्ली, ऐकू येते.

‘असवेज’मध्ये लॅटिनचा ‘सुआव्हिस’ म्हणजे गोड हा शब्द आहे, आणि इंग्रजीतला ‘स्वीट’ व आपला ‘स्वादु’ हे त्याच घराण्यातले. जे आतून कुरतडते त्यावर गोडवा शिंपडणे, अशी मी त्याची खूणगाठ बांधली आहे: अपराधी भावना, शोक, भूक. ‘असवेज हिज गिल्ट’ हा जोड इंग्रजी वर्तमानपत्रांत इतका ठरून गेलेला आहे, की ‘गिल्ट’ दिसले की मागे ‘असवेज’ आहे का, ते पाहावे. ‘अमीलिओरेट’ मुळात ‘कमी करणे’ नव्हेच. लॅटिन ‘मेलिओर’ म्हणजे अधिक चांगले. तेव्हा वाईट परिस्थिती सुधारणे हा त्याचा अर्थ, आणि कामगारांची स्थिती, वस्तीतली परिस्थिती अशी नामे त्याला शोभतात. वहीच्या त्या ओळीतून तो काढून ‘इम्प्रूव्ह’च्या शेजारी बसवावा.

‘मिटिगेट’पाशी मला थोडे थांबावेसे वाटते, कारण या शब्दाने माझीही एकदा फजिती केली आहे. फोर्टमधल्या एका कार्यालयात मी नवा कारकून असताना जुलैच्या पावसाने दफ्तरखान्यात पाणी शिरले. आम्ही दोघातिघांनी बादल्यांनी ते उपसले, आणि मी ऐटीत टिपणी लिहिली, की ‘द वॉटर इन द रेकॉर्ड रूम हॅज बीन मिटिगेटेड’. साहेबांनी कागद वाचून चष्म्यावरून पाहिले आणि शांतपणे विचारले, “पाणी उपसलंत, की मवाळ केलंत?” त्यांनी नेमके मुळावर बोट ठेवले होते, कारण लॅटिन ‘मितिस’ म्हणजे मऊ, सौम्य. पाणी ‘मिटिगेट’ होत नाही. पाण्यामुळे होणारे नुकसान, धोका, परिणाम ‘मिटिगेट’ होतात. परळ-दादरच्या मधल्या हिंदमाताला पाणी तुंबू नये म्हणून महापालिकेने मैदानाखाली आणि उद्यानाखाली साठवण-टाक्या बांधल्या. त्या टाक्या पावसाला हात लावत नाहीत, त्याच्या फटक्याची धार तेवढी बोथट करतात, आणि हेच ‘मिटिगेट’. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात ‘मिटिगेशन’ची व्याख्या आपत्तीचा धोका, आघात किंवा परिणाम कमी करण्याचे उपाय अशीच आहे, आणि शासकीय मराठीतला ‘सौम्यीकरण’ हा प्रतिशब्द कानाला जड असला तरी धातूला धरून आहे. न्यायालयातही हा शब्द नित्याचा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बचनसिंग निकालापासून फाशीच्या शिक्षेचा विचार करताना ‘अ‍ॅग्रव्हेटिंग’, म्हणजे गांभीर्य वाढवणाऱ्या, आणि ‘मिटिगेटिंग’ अशा दोन्ही बाजूंच्या परिस्थितीचे वजन करावे लागते. तेथे गुन्हा कमी होत नाही, त्याची तीव्रता सौम्य होते. जाता जाता एक सावधगिरी: ‘मिटिगेट अगेन्स्ट’ असे लिहिलेले पुष्कळदा आढळते, तेथे लिहिणाऱ्याला ‘मिलिटेट अगेन्स्ट’, म्हणजे एखाद्या गोष्टीच्या आड येणे, असे म्हणायचे असते. ‘मिटिगेट’ला ‘अगेन्स्ट’ लागत नाही.

मग समानार्थी शब्दांच्या याद्या निघाल्या कशासाठी? पेशाने वैद्य असलेल्या पीटर मार्क रॉजेचा ‘थिसॉरस’ १८५२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात शब्दांच्या व्याख्या नव्हत्या, आणि त्या असण्याची गरजही नव्हती. मनात कल्पना आहे, शब्दही ओळखीचा आहे, पण लिहिताना तो हाताशी येत नाही, अशा लेखकासाठी तो ग्रंथ होता. आपल्याकडे अमरकोशही असाच मुखोद्गत करीत, परंतु तो पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मागाहून काव्ये येत आणि यादीतला शब्द तेथे त्याला संगतीसह भेटे. यादी पाठ करून काव्य न वाचणे, ही अलीकडची सोय आहे. ‘समानार्थी शब्द ओळखा’ अशा प्रश्नापुरती ती पुरतेही. पण परीक्षेत ‘क्लोज टेस्ट’, म्हणजे उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरण्याचे, आणि चूक शोधण्याचे प्रश्न असतात, तेथे परीक्षक नेमकी संगतच तपासत असतो.

तेव्हा कोश निवडताना परभाषकांसाठी रचलेला निवडावा. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह असा कोश केला, तो १९४२ साली तोक्योत निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने चालवला. त्याच्या पुढच्या आवृत्त्या आपल्याकडे घरोघर दिसतात. क्रियापदाला कर्म कसले लागते आणि पुढे शब्दयोगी कोणता येतो, हे त्यात सांगितलेले असते. मोठा ऑक्सफर्ड कोश १८८४ ते १९२८ अशी चव्वेचाळीस वर्षे भागाभागाने निघत राहिला, तो वाचकांनी पुस्तकांतून उतरवून पाठवलेल्या लक्षावधी चिठ्ठ्यांच्या बळावर. वाक्य आधी आणि अर्थ मागून, हा क्रम त्या कोशकारांनी पाळला होता.

वहीतली नमुना-वाक्ये मी पाहिली. ‘द मेडिसिन अलेव्हिएटेड हिज पेन’ हे वाक्य चूक नाही, पण ते फारसे काही शिकवतही नाही, कारण ‘अलेव्हिएट’ पुसून तेथे ‘रिड्यूस’ घाला, ‘ईज’ घाला, ‘रिलीव्ह’ घाला, वाक्याचा केसही हलत नाही. याउलट ‘द टॅब्लेट्स अलेव्हिएट द पेन बट डू नॉट क्युअर द डिझीज’ या वाक्यात ‘क्युअर’ समोर उभे राहताच ‘अलेव्हिएट’ची मर्यादा आपोआप दिसते. त्याहून चांगले वाक्य ते, ज्यात दोन तथाकथित समानार्थी शब्द शेजारी येतात आणि त्यांची अदलाबदल करता येत नाही: ‘द डॉक्टर अलेड हर फिअर्स बट कुड डू लिटल टू अलेव्हिएट हर पेन’. भीती शमली, वेदना हलकी झाली नाही. या दोन क्रियापदांची जागा बदलून वाक्य मोठ्याने वाचावे. कान आधी तक्रार करील, व्याकरण मागून.

वहीसाठी माझे सुचवणे असे, की डावीकडे नवे क्रियापद लिहिण्याऐवजी नाम लिहावे: भीती, वेदना, अपराधीपणा, धोका, दाटी. वर्तमानपत्र वाचताना त्या नामाशेजारी जे क्रियापद प्रत्यक्ष सापडेल तेच उजवीकडे उतरवावे, आणि ते दोनदा वेगवेगळ्या ठिकाणी सापडल्याखेरीज पक्के समजू नये. लॅटिन मुळे लक्षात राहायला मदत करतात, म्हणून ती समासात लिहावीत, पण त्यांच्या भरवशावर वाक्य रचू नये. मूळ जाणूनही मी पाणी मवाळ केले असतेच. रोज दहांऐवजी दोनच शब्द झाले तरी चालतील.

राहता राहिले दादरचे वाक्य. ‘मोर फिफ्टीन-कोच लोकल्स वुड अलेव्हिएट ओव्हरक्राउडिंग अ‍ॅट दादर’ असे लिहिल्यास सरांना काट मारायला जागा उरणार नाही. ‘अले’ वापरायचाच असेल, तर ‘द अनाउन्समेंट डिड नॉट अले द पॅसेंजर्स’ फिअर्स’ असे लिहिता येईल, आणि फलाटावर चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून योजलेल्या उपायांबद्दल लिहिताना ‘मिटिगेट द रिस्क’ चपखल बसेल. ‘असवेज’ला मात्र या निबंधात जागा नाही, तो घालायचाच झाला, तर त्याआधी रेल्वेला अपराधी वाटावे लागेल.