‘नाही’चा रकाना

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. आधुनिक विज्ञानपद्धतीचा पाया फ्रान्सिस बेकनने घातला, असं तिने कुठेतरी वाचलं आणि मला विचारलं, “त्याने शोध कुठला लावला?” मला उत्तर देता आलं नाही. गॅलिलिओ, न्यूटन यांचं समजतं; बेकनने नेमकं काय दिलं? आणि त्याचं काही तिला वाचता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुलीची शंका रास्त आहे. बेकन (१५६१–१६२६) पेशाने वकील, पुढे इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सलर, म्हणजे न्यायखात्याचा सर्वोच्च अधिकारी; १६२१ साली लाच घेतल्याच्या आरोपावरून ते पद गेलं. त्याच्या नावावर शोध नाही हे खरंच. तरीही इतकी वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवताना मला सगळ्यात जास्त कामी आला तो हाच माणूस.

१६२० साली त्याचा ‘नोवुम ऑर्गानुम’ हा लॅटिन ग्रंथ निघाला. त्याच्या दुसऱ्या भागात तो विचारतो, उष्णता म्हणजे काय? आणि तक्ते मांडायला बसतो. पहिल्या तक्त्यात उष्णता असलेली २७ उदाहरणं : ऊन, वीज, ज्वाळा, पाणी शिंपडलेला कळीचा चुना, घोड्याची ताजी लीद, टोपलीत दाबून भरलेले गुलाब, ओलं गवत रचल्यामुळे आपोआप पेटणारी गंजी. अशी यादी कुणीही करील. बेकन खरा दिसतो तो दुसऱ्या तक्त्यात. तिथे तो पहिल्या तक्त्यातल्या उदाहरणांची अशी भावंडं शोधतो, जी दिसायला तशीच पण ज्यांत उष्णता नाही. उन्हाला ऊब आहे, मग चांदण्याला का नाही? मोठं भिंग धरून चांदणं एकवटून पाहा, असंही तो सुचवतो. तिसरा तक्ता कमी-जास्त उष्णतेचा.

मी वर्गात फळ्यावर दोनच रकाने आखायची, ‘आहे’ आणि ‘नाही’. मुलांना लांब उभं करून पत्र्याच्या डब्यात कळीचा चुना विझवायची. चुना फसफसायचा, वाफ यायची, डबा हात लावू देत नसे. ‘आहे’चा रकाना पाच मिनिटांत भरायचा. मग मुलं ठामपणे सांगायची, “बाई, जिथे उजेड तिथे उष्णता.” ‘नाही’चा रकाना मात्र कोराच. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी, जी कधी तोंड उघडायची नाही, हळूच म्हणाली, “बाई, काजवा. मी मुठीत धरलाय. चटका बसत नाही.” वर्ग गप्प झाला. एका काजव्याने सगळ्यांचा सिद्धांत मोडला. मी घरी जाऊन बेकनचा दुसरा तक्ता पुन्हा काढला, तर तिथे काजवा होता! अंधारात चमकणारं कुजकं लाकूड होतं, माशांचे खवलेही होते. माझ्या विद्यार्थिनीला जे सुचलं ते चारशे वर्षांपूर्वी त्याने लिहून ठेवलं होतं. त्या दिवशी मला झालेला आनंद अजून तसाच आहे.

चांदण्यात उजेड आहे पण ऊब नाही, उकळत्या पाण्यात ऊब आहे पण उजेड नाही. म्हणून उजेड बाद. असं एकेक कारण बाद करत बेकन येतो तो इथवर, की उष्णता ही वस्तूच्या बारीक कणांची एक प्रकारची गती आहे. हा अर्थात अंदाज होता. तो पक्का व्हायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. आणि चुकाही आहेत. जिभेला झोंबणाऱ्या मसाल्याच्या वनस्पती त्याने विस्तवाच्याच यादीत बसवल्या.

त्याहून मोठी उणीव गणिताची. खगोलशास्त्रज्ञ केप्लर ग्रहांच्या कक्षा गणिताने मांडत होता त्याच काळात बेकनला गणिताचं मोल नीट कळलं नाही, आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचं म्हणणं त्याने मानलं नाही. नुसती उदाहरणं गोळा करून नियम हाती येतो, हेही पुरतं खरं नाही. आधी काही कल्पना मनात असावी लागते.

पण विज्ञान हे एकट्या हुशार माणसाचं नव्हे, अनेकांनी वाटून घ्यायचं काम आहे, हे त्याच्याइतक्या जोराने आधी फार कुणी म्हटलं नव्हतं. त्याच्या ‘न्यू अटलांटिस’ या कथेतल्या संस्थेत बारा जण देशोदेशी हिंडून माहिती आणतात, काही प्रयोग करतात, काही त्यांचा अर्थ लावतात. १६६० साली लंडनमध्ये रॉयल सोसायटी ही वैज्ञानिकांची संस्था निघाली, तिच्या संस्थापकांसमोर हेच चित्र होतं. सोसायटीचा पहिला इतिहास १६६७ साली छापला गेला, त्याच्या सुरुवातीच्या चित्रात बेकन बसलेला आहे.

मुलीला सबंध ग्रंथ देऊ नका, कंटाळेल. इंग्रजी भाषांतर मिळतं. ग्रंथ क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत, म्हणजे सूत्रांत, लिहिलेला आहे; दुसऱ्या भागातली ११ ते १३ ही सूत्रं तुम्ही दोघं मिळून वाचा, पण आधी तिला स्वतःचे दोन रकाने भरू द्या. मग पहिल्या भागातलं ४६वं सूत्र काढा. वादळातून वाचलेल्यांनी नवस फेडताना देवळात लावलेली चित्रं एकाला दाखवतात आणि विचारतात, आता तरी देवाची शक्ती मानतोस का? तो उलट विचारतो, नवस बोलूनही जे बुडाले, त्यांची चित्रं कुठे आहेत?