वाचक विचारतात: ताक पचतं, मग रबडीच का बाधते?

प्रश्न: वय 41. हल्ली दूध प्यायलं की तासाभरात पोट फुगतं, गुरगुरतं, कधी जुलाबही होतात. ताक-दही सोसतं. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, रबडी खाल्ली की मात्र रात्रभर हाल. दूध खूप उकळून, आटवून घेतलं तर हलकं होईल का? — एक वाचक, इंदूर

उत्तर: आटवाल तर जास्तच बाधेल. लॅक्टोज ही दुधातली साखर, आणि घरी उकळून ती मोडत नाही. ती मोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. पुष्कळांच्या शरीरात ते बालपणानंतर कमी होत जातं; आपल्याकडे हे अगदी सर्रास आहे. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, पाणी ओढून घेते, तिथले जीवाणू तिच्यापासून वायू तयार करतात. फुगणं आणि जुलाब त्यातूनच.

लॅक्टोज दुधाच्या पाण्यात विरघळलेलं असतं. म्हणून पदार्थ करताना ते पाणी कुठे गेलं ते बघा. लिटरभर दुधात साधारण 50 ग्रॅम लॅक्टोज. आटवताना वाफ उडाली, साखर कढईतच राहिली. पाव लिटर उरलं तरी तेवढीच. रबडी, मावाबाटी, पेढे, दुधाची इंदुरी शिकंजी, सगळ्यांचं दुखणं हेच. भुट्ट्याचा कीससुद्धा दुधात शिजतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. उलट चक्का टांगला किंवा पनीर दाबलं की लॅक्टोज बरंचसं पाण्याबरोबर निघून जातं. नीट कढवलेल्या तुपात ते जवळपास नसतंच. दही लागताना थोडं खर्ची पडतं, शिवाय विरजणातले जीवाणू आतड्यातही पचनाला हात देतात. (ते पनीरचं पाणी कणकेत घालत असाल तर तूर्त थांबा.)

दूध कायमचं सोडू नका, मर्यादा शोधा. दोन आठवडे दूध, मावा, आइस्क्रीम, दूध पावडर घातलेली बिस्किटं बंद. त्रास थांबला तर पाव कप दूध जेवणासोबत घ्या, रिकाम्या पोटी नको. दोन-तीन दिवस सोसलं की अर्धा कप. लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकी बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅम, म्हणजे कपभर दूध, फारशा तक्रारीशिवाय चालतं. लग्नाच्या पंगतीत बासुंदी टळत नसेल तर लॅक्टेजची गोळी मिळते. ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवून उठल्यावर घेतली तर फुकट. दूध कमी झालं की कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ वाढवा.

दोन आठवड्यांनीही फरक नसेल तर कारण दुसरं आहे. शौचात रक्त, घटतं वजन किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर हा प्रयोग न करता डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: लॅक्टोज-फ्री दूध गोड का लागतं? मुलाला दूध दिलं की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. त्याला हे चालेल का? — एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर: वरून साखर घातलेली नसते. कारखान्यातच लॅक्टेज मिसळून लॅक्टोजचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज केलेलं असतं. या दोन्ही साखरा जिभेला अधिक गोड लागतात. मधुमेह असेल तर हे दूध साध्या दुधासारखंच मोजा.

मुलाला मात्र देऊ नका. गांधी आणि सूज ही दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी वाटते, आणि लॅक्टोज-फ्री दुधात ती प्रथिनं जशीच्या तशी असतात. दही, पनीरही बंद ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. धाप लागली किंवा आवाज घोगरा झाला तर लगेच दवाखाना गाठा.