प्राध्यापकीविषयीचे समज आणि प्रत्यक्षातली नोकरी

ताई, तुमची मुलगी एम.ए. करते आहे आणि नातेवाईक म्हणतात की तिने प्राध्यापकच व्हावे, कारण दिवसाला दोन तास काम, भरपूर सुट्ट्या आणि लाखाच्या घरात पगार. तिने प्राध्यापक व्हावे असे मलाही मनापासून वाटते, मात्र या कारणांसाठी नव्हे.

दोन तासांचा समज वेळापत्रकावरून पसरला आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांनी १४ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. परंतु एकूण कार्यभार ४० तासांचा धरलेला आहे. तासांची तयारी, उत्तरपत्रिका, महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी लागणारी नॅकची कागदपत्रे आणि पीएच.डी.चे विद्यार्थी हे सारे उरलेल्या वेळेत बसवावे लागते. बेळगावच्या आपल्या सीमाभागात त्यात आणखी एका कामाची भर पडते. खानापूर तालुक्यात दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली विद्यार्थिनी जेव्हा प्रबंधिकेचे प्रकरण इंग्रजीत लिहून आणते, तेव्हा तिला काय म्हणायचे आहे हे आधी मराठीतून वदवून घ्यावे लागते, मग समासात एकेक वाक्य तिच्याकडूनच पुन्हा लिहून घ्यावे लागते, आणि तीन पाने होईपर्यंत दुपार सरते. या कामाची नोंद कुठेच होत नाही. माझ्या मते मात्र अध्यापनाचा खरा गाभा तोच आहे.

पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवणारे प्राध्यापक असतात, हे मी नाकारत नाही. त्यांच्यावरून सगळ्यांची पारख करू नये, इतकेच.

सर्वांत घातक समज पगाराचा आहे, कारण त्यावर विसंबून घरे कर्ज काढतात. महाविद्यालयात शिकवणारे सगळेच कायम नोकरीत असतात असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत बरेचसे तास गेस्ट लेक्चरर घेतात. त्यांची नेमणूक सत्रापुरती किंवा वर्षापुरती असते, पुढच्या वर्षी बोलावतील याची शाश्वती नसते, आणि सकाळी बेळगावात, दुपारी दुसऱ्या गावात तास घेऊन महिना भागवणारेही त्यांच्यात आहेत. वर्गातले विद्यार्थी त्यांनाही ‘सर’, ‘मॅडम’च म्हणतात, त्यामुळे हा फरक पालकांच्या लक्षात येत नाही. २०१० मध्ये बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाल्यावर पदव्युत्तर शिक्षणासाठी धारवाड किंवा कोल्हापूर गाठण्याची गरज पुष्कळ कमी झाली, ही मोठीच सोय आहे. पण शिकण्याची सोय झाली म्हणून कायम जागाही तितक्याच निघतील, असा हिशेब मांडू नये.

म्हणून मुलीला आत्तापासून नेटची, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची, तयारी करू द्या. एम.ए.ला किमान ५५ टक्के गुण हवेत (राखीव प्रवर्गांना सवलत आहे), आणि शेवटच्या वर्षाला असतानाही नेटला बसता येते. के-सेट ही कर्नाटकाची राज्य पात्रता परीक्षाही अवश्य द्यावी, परंतु तिची पात्रता कर्नाटकापुरतीच चालते, तर महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती. कोल्हापूर आणि बेळगाव या दोन्हीकडे अर्ज करू पाहणाऱ्या आपल्या मुलांसाठी देशभर चालणारी नेटच अधिक उपयोगाची आहे. पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडताना त्यांच्याकडे जागा आहे का, हे आधी विचारावे, कारण प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा आणि सहायकाला चारच विद्यार्थी घेता येतात. आणि अर्ज भरण्यापूर्वी तिने एखाद्या गेस्ट लेक्चररशी तासभर निवांत बोलावे. पगार, सुट्ट्या आणि पुढच्या वर्षाची नेमणूक यांविषयी स्पष्ट विचारावे.