दोर हाताला गुंडाळायचा नाही: हॉट एअर बलूनबद्दल वाचकांचे प्रश्न

मी अमेरिकेत अल्बुकर्कीला राहते. ऑक्टोबरच्या बलून महोत्सवात क्रू (जमिनीवरची मदतनीस) म्हणून नाव दिलंय, अनुभव शून्य. पहाटे मैदानावर नेमकं काय करावं लागतं?

आधी कपड्यांचं बघा. सुती किंवा लोकरी, पूर्ण बाह्यांचे, आणि पायात घोट्यापर्यंत बूट. नायलॉनचं जॅकेट बर्नरजवळ नको, कारण ते वितळून कातडीला चिकटतं. केस घट्ट बांधा, ओढणी-मफलर गाडीत ठेवा, कारण बलूनमध्ये हवा भरणारा पेट्रोलचा पंखा ते ओढून घेतो. चामड्याचे हातमोजे हवेतच. ते दोरासाठी तर लागतातच, पण गळणारा द्रवरूप प्रोपेनही (बर्नरचं इंधन) उणे ४२ अंशांना उकळतो आणि उघड्या हाताला भाजल्यासारखा लागतो.

कामाचा क्रम साधारण असा. पायलट टोपली उभी ठेवून बर्नर तपासतो. मग ती आडवी करतात, बर्नरचं तोंड वारा जातो त्या दिशेला. वाऱ्याच्या वरच्या बाजूला गाडी उभी असते, हँडब्रेक ओढून आणि गिअर टाकून. टोपली तिला एका झटक्यात सुटणाऱ्या कडीने बांधतात. बलूनचं कापड वाऱ्याच्या दिशेने लांब पसरतात आणि त्याच्या पोलादी तारा टोपलीच्या कड्यांत अडकवतात. प्रत्येक कडीचा स्क्रू फिरवून बंद झालाय का, हे दुसऱ्या माणसाने हात लावून बघायचं. माथ्यावर पॅराशूटसारखी झडप असते. हवा भरताना ती जागची हलू नये म्हणून वेल्क्रोच्या पट्ट्यांनी चिकटवतात.

नवख्याला बहुतेक वेळा तोंड धरायला देतात. दोघं दोन बाजूंना उभे राहून कापडाचं तोंड हात लांब करून ताणून धरतात. पंखा दहा-पंधरा मिनिटं गार हवा भरतो, मग पायलट थोडी थोडी आग सोडतो. इथे हात ढिले पडले की वाऱ्याने कापड आत दुमडतं आणि ज्योत त्याच्यावर बसते. तोंडाजवळचा पट्टा आग सोसणाऱ्या कापडाचा असतो, पण त्याच्या वर साधं नायलॉनच असतं. आवाज मोठा आणि धग चेहऱ्यावर येते. मान वळवा, हात नको.

बलूनच्या माथ्याला बांधलेला दोर धरण्याचं काम सोपं दिसतं. आमच्या मते तेच सगळ्यात जोखमीचं. बलून उठू लागला की दोरावर मागे रेलून त्याला सावकाश, पावलापावलाने वर येऊ द्यायचं. दोर आधीच सोडला तर बलून उभा राहताना पलीकडे झोका घेतो आणि टोपली ओढली जाते. दोर हाताला किंवा मनगटाला कधीही गुंडाळायचा नाही, वेटोळ्यात पाय टाकून उभं राहायचं नाही.

बलून उभा राहिला की "हँड्स ऑन" अशी हाक येते. सगळ्यांनी टोपलीच्या कडेवर वजन टाकायचं. "हँड्स ऑफ" म्हटलं की लगेच सोडायचं. पाय जमिनीवरून सुटताहेत असं वाटलं, तर हाकेची वाट न बघता हात सोडा. एक फुटावरून पडणं ठीक, तीस फुटांवरून नाही. मदत करायची म्हणून लटकून राहणाऱ्यांनीच जीव गमावले आहेत.

मी नाशिकचा. बलूनला सुकाणू नसतं, मग ठरलेल्या जागी तो उतरतो कसा?

वळवता येत नाही हे खरं. बाजूच्या झडपा ओढल्या तर तो स्वतःभोवती फिरतो, एवढंच. दिशा मिळते ती उंची बदलून, कारण वेगवेगळ्या थरांत वारा वेगळीकडे वाहतो. उड्डाणाआधी हेलियमचा छोटा फुगा सोडून तो कुठे कसा वळतो हे बघतात. अल्बुकर्कीला पहाटे बऱ्याचदा खालचा वारा रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्याने दक्षिणेला जातो आणि वरचा उत्तरेला. त्यामुळे पायलट खालून जाऊन वरून परत मैदानाजवळ येऊ शकतात. तिथे याला "बॉक्स" म्हणतात.

शिकाऊ पायलट अडखळतो तो वेळेच्या हिशेबात. २,२०० घनमीटरचा मध्यम बलून आतल्या हवेसह पावणेतीन टनांच्या आसपास भरतो. आत्ता आग दिली की तो काही सेकंदांनी ऐकतो. खाली येतोय म्हणून नवखा घाबरून दोनदा बर्नर ओढतो, आणि दोन्ही झटके एकदम लागू होऊन बलून नको तेवढा वर जातो. म्हणून थोडी आग द्यायची, थांबायचं, उंचीदर्शकाचा काटा बघायचा.

मे महिन्यात आम्हा चौघांना नेणार म्हणाले होते. ऐन वेळी दोघांनाच नेलं, कारण "हवा गरम आहे". हे कारण खरं की बहाणा?

खरं. समुद्रसपाटीवर १५ अंशांना हवेचं वजन घनमीटरला १.२२५ किलो, बलूनच्या आत १०० अंशांना ०.९४६. म्हणजे २,२०० घनमीटरचा बलून साधारण ६१४ किलो उचलतो. बाहेर ३० अंश असले की तो आकडा ४८२ वर येतो. कापड, टोपली, बर्नर आणि सिलिंडर मिळून तीनशेच्या आसपास जातात. उरलेल्यात पायलटही आलाच. उलट आत जास्त तापवायला जावं तर कापडाचं आयुष्य घटतं. नाशिक-पुण्याच्या उंचीवर आणखी सहा-सात टक्के कमी धरा.

सकाळीच उडण्याचं कारण वेगळं. ऊन चढलं की जमीन तापून वर उठणारे झोत तयार होतात, ते बलूनला मनाप्रमाणे वर-खाली नेतात. जमिनीवरचा वारा ताशी १५ ते १८ किलोमीटरच्या पुढे गेला तर शहाणा पायलट कापड पसरतच नाही.

घरगुती गॅसवर उडवता येईल का? भाऊ म्हणतो, गॅस तो गॅस.

भावाला आवरा. स्वयंपाकाच्या आपल्या गॅसमध्ये ब्यूटेन बरंच असतं. २० अंशांना प्रोपेनचा दाब ब्यूटेनच्या कित्येक पट असतो, आणि बलूनची लांब ज्योत त्या दाबावरच चालते. शिवाय घरी सिलिंडरच्या वरून वायू येतो. बलूनमध्ये तळाशी गेलेल्या नळीतून द्रव येतो आणि बर्नरच्या तापलेल्या वेटोळ्यात त्याची वाफ होते. खर्चही बघा: मध्यम बलूनचा वीस किलोचा सिलिंडर पाऊण तासात संपतो.

परवाना कसा मिळतो?

आपल्याकडे डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय), चालू अटी तिथूनच घ्या. युरोपात किमान १६ तासांचं शिक्षण लागतं. त्यात १० वेळा बलून फुगवणं, २० उड्डाणं-उतरणं आणि देखरेखीखाली एकट्याने अर्ध्या तासाचं उड्डाण येतं. अमेरिकेत खासगी परवान्याला किमान १० तासांचं प्रशिक्षण. आमचं मत विचाराल तर आधी एक हंगाम क्रूमध्ये काढा. बलूनचा गाडीतून पाठलाग करताना वारा, तारा, शेताचे रस्ते डोळ्यांत बसतात. आणि उभ्या पिकात गाडी घालायची नाही. आधी शेतकऱ्याला विचारायचं, मगच बांध ओलांडायचा.

विजेच्या तारांची एवढी भीती का?

कारण जीवघेण्या अपघातांत त्याच वरचेवर आढळतात. ३० जुलै २०१६ रोजी टेक्ससमधल्या लॉकहार्टजवळ बलून तारांना लागून सोळाही जण गेले. पहाटेच्या उजेडात तार दिसत नाही, खांब दिसतो. म्हणून खांबांची रांग शोधायची आणि मध्ये तार आहे असंच धरायचं. धडक टळणारच नसेल तर शेवटच्या क्षणी आग देऊन वरून काढायला जाऊ नये. माथ्याची झडप ओढून झपाट्याने खाली यावं, म्हणजे तार टोपलीला किंवा बर्नरला न लागता वर कापडाला लागते. सोबत ज्योती आणि सिलिंडर बंद करायचे. क्रूने वीज कंपनीचा माणूस पुरवठा बंद झाल्याचं सांगेपर्यंत टोपलीला किंवा दोराला हात लावायचा नाही, आत माणसं असली तरी. हे ऐकायला कठोर वाटतं.

उतरताना प्रवाशाने काय करावं?

पाठ जाण्याच्या दिशेला, गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही हातांनी आतल्या दोरीच्या मुठी, मोबाइल खिशात. टोपली आडवी होऊन थोडी घसटत जाईल, तो अपघात नाही. पायलट सांगेपर्यंत बाहेर उडी मारू नका. एक माणूस कमी झाला की हलका झालेला बलून बाकीच्यांना घेऊन पुन्हा वर जातो.