गायरानात नवं झाड का धरत नाही?

प्रश्न : आमच्या डोंगरातल्या गायरानात हिवर, धावड्याची जुनी झाडं आहेत, पण त्यांच्याखाली नवं झाड दिसत नाही. लावलेली रोपंही जगत नाहीत. हिमालयातल्या बांजाच्या (ओक) जंगलात चराईमुळे असंच होतं, असं वाचलं. आमच्याकडेही कारण तेच का?
— एक वाचक, ता. पाटोदा, जि. बीड

उत्तर : बऱ्याच अंशी तेच. बांजाचा पाला चाऱ्यासाठी सतत तोडल्याने बी कमी धरतं आणि उगवलेलं गुरांच्या तोंडी जातं. तुमच्याकडे मात्र लागवडीआधी एक काम करा. पावसाळा लागल्यावर डोंगरावर 5 बाय 5 मीटरचे दहाएक चौकोन आखा आणि गवत बाजूला सारून रोपटी मोजा. उंची वीतभर, पण बुंधा अंगठ्याएवढा जाड आणि वर केरसुणीसारखा फुटवा, असं रोप यंदाचं नसतं. शेळ्या दरवर्षी शेंडा खुडतात, खाली मूळ पोसत राहतं. अशी चार-पाच रोपं प्रत्येक चौकोनात निघाली, तर नव्या रोपांवर पैसा घालू नका. राखण केली की हीच भराभर वर येतात, कारण मूळ आधीच खोल गेलेलं असतं.

तरवड, रुई, घाणेरी आणि सीताफळ एवढंच हिरवं उरलं असेल, तर चराई फार झाली असं समजा. यांना जनावर सहसा तोंड लावत नाही. तिथे मारवेल या चांगल्या चाऱ्याच्या गवताच्या जागी टोचरं कुसळी गवतच दिसेल. ओल्या जमिनीवर खुरांनी माती दबते, पाणी मुरत नाही आणि बी वाहून जातं.

सगळीकडे होणारी चूक म्हणजे चराईबंदी फक्त पावसाळ्यापुरती ठेवणं. त्याने गवत वाचतं, झाड नाही. उन्हाळ्यात गवत संपलं की शेळ्या रोपट्यांवरच तुटून पडतात. म्हणून बंदी बारमाही हवी, पण सगळ्या गायरानावर नको. जनावरं न्यायची कुठे, हा प्रश्न आला की पहिल्याच उन्हाळ्यात कुंपण मोडतं. ग्रामसभेत ठरवून एक तृतीयांश भाग बोराटीने (बोरीच्या काटेरी फांद्यांनी) बंद करा. मागच्या पायांवर उभी राहिलेली शेळी पाच-सहा फुटांपर्यंत पोचते, तेव्हा शेंडे सात फुटांवर गेल्याशिवाय तो भाग उघडू नका. उघडल्यावर आधी गुरं सोडा, शेळ्या शेवटी. बंद भागातलं गवत बी झडल्यावर विळ्याने कापून नेऊ द्या, नाहीतर उन्हाळ्यात एका ठिणगीत सगळं जाईल. कडेने तीन मीटरची जाळरेषाही (आग अडवणारा, गवत काढलेला पट्टा) काढा.

प्रश्न : शेळ्यांमुळे बाभळी उगवतात म्हणतात, ते खरं का?

उत्तर : खरं आहे. शेंगांबरोबर पोटात गेलेल्या बीचं टणक कवच मऊ होतं आणि ते लेंडीवाटे किंवा रवंथ करताना बाहेर पडतं. शेळ्यांच्या वाड्यातलं असं बी वेचून पहिल्या पावसात बोरीच्या जाळीत टाका. काट्यांत उगवलेलं रोप शेळीला सापडत नाही. वाड्यातलं बी नसेल, तर बियांवर उकळतं पाणी ओता आणि त्याच पाण्यात 24 तास ठेवा. फक्त वेडी (विलायती) बाभूळही याच वाटेने पसरते, हे विसरू नका. तिच्या शेंगा पिवळसर असतात. त्या खाऊन आलेल्या शेळ्या काही दिवस तरी बंद भागात घालू नका.