मारुनोउचीतील पाडलेली कचेरी

प्रश्न : टोकियोच्या ‘इंटरनॅशनल फोरम’ या सभा-संमेलनांच्या संकुलात, त्या प्रचंड काचेच्या दालनात, शिकारीच्या वेशातील धनुर्धारी सरदाराचा पुतळा पाहिला. त्या जागी पूर्वी सरकारी कचेरी होती, असे कळले. ती कोणती, आणि ती का पाडली?

उत्तर : आपण पाहिलेला पुतळा १४५७ साली एदोचा (म्हणजे जुन्या टोकियोचा) किल्ला बांधणाऱ्या ओता दोकान यांचा असून तो आसाकुरा फुमिओ यांनी घडवला आहे. फोरमसाठी तो केलेला नव्हता. मूळचा तो टोकियो महानगर शासनाच्या मुख्यालयासमोरचा.

मारुनोउची भागातील या परिसरात १८९४ पासून टोकियो प्रांताची विटांची भव्य कचेरी होती. १९४३ साली प्रांत आणि शहर यांचे एकत्रीकरण होऊन महानगर शासन अस्तित्वात आले. दोनच वर्षांनी ही इमारत हवाई हल्ल्यात जळाली. नव्या मुख्यालयासाठी १९५२ मध्ये झालेली आराखड्यांची स्पर्धा वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांनी जिंकली आणि १९५७ साली त्यांची इमारत उभी राहिली. आतील भिंतींसाठी तारो ओकामोतो यांनी भडक रंगांची, भाजलेल्या मातीच्या फरशांची भित्तिचित्रे केली होती. रुक्ष कारकुनी कामासाठी आलेल्या माणसाला दारातच अशी चित्रे भेटावीत, ही कल्पना मला आजही धाडसाची वाटते.

पाडण्याचे कारण मात्र अगदी व्यवहारी होते. शहर वाढले तसा कारभारही वाढला, मुख्यालयात जागा पुरेना आणि खाती आसपासच्या निरनिराळ्या इमारतींत विखुरली. शेवटी टोकियोच्याच शिंजुकू भागात, योदोबाशी जलशुद्धीकरण केंद्राच्या मोकळ्या झालेल्या जमिनीच्या परिसरात, २४३ मीटर उंचीचे नवे मुख्यालय बांधण्यात आले आणि १९९१ साली कारभार तेथे हलला. त्याचेही वास्तुरचनाकार तांगेच! स्वतःच्याच इमारतीची जागा घेणारी इमारत रेखाटण्याची वेळ फार थोड्यांवर येते. जुनी वास्तू त्याच वर्षी पाडण्यात आली. वापरात ती जेमतेम ३४ वर्षे होती, आणि भिंतींना जडलेली ओकामोतोंची चित्रेही तिच्याबरोबर नष्ट झाली.

रिकाम्या झालेल्या जागेवर राफाएल विन्योली यांच्या आराखड्यानुसार फोरम बांधण्यात आला आणि १९९७ च्या जानेवारीत तो खुला झाला. पुतळा चबुतऱ्यावरून उतरवून दुसरीकडे नेता येतो. भिंतीत बसवलेल्या फरशांचे तसे नसते. दोकान आज आपल्याला भेटले, ते त्यामुळेच.