शेंडेफळ आहे, म्हणून लग्न टाळतोय का?

प्रश्न : मी घरात थोरली, पाठीवर दोन भाऊ. वय २९. माझा मित्र त्याच्या घरचं शेंडेफळ, त्याला एक मोठी बहीण. आम्ही तीन वर्षं एकत्र आहोत. लग्नाचं काढलं की म्हणतो, "एवढी घाई काय आहे?" बिलं, तिकिटं, त्याची डॉक्टरची वेळ, सगळं मीच बघते. ऑफिसात मात्र तो अख्खी टीम सांभाळतो. धाकटी मुलं कायमच्या नात्याला बिचकतात, असं वाचलं. खरं आहे का? त्याच्या ताईशी बोलू का? – थोरली

उत्तर : प्रिय थोरली,

टोपणनाव म्हणूनही तू घरातला हुद्दाच निवडलास! त्याकडे येतेच.

तू वाचलंस ती कल्पना जुनी आहे. थोरलं जबाबदार, धाकटं लाडावलेलं, ही मांडणी गेल्या शतकात ऑस्ट्रियातले मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड अॅडलर यांनी केली. पुढे वॉल्टर टोमान या मानसशास्त्रज्ञांनी तर म्हटलं, की भावांची मोठी बहीण आणि बहिणींचा धाकटा भाऊ यांचं चांगलं जमतं, कारण दोघांनाही आपापल्या जागेची सवय असते. त्या हिशोबाने तुमचं एव्हाना लग्न होऊन जायला हवं होतं.

मोठ्या प्रमाणावर तपासल्यावर मात्र या कल्पनेत फारसा दम राहिला नाही. २०१५ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २०,०००हून जास्त माणसांची माहिती एकत्र अभ्यासली गेली. बुद्धीच्या चाचण्यांत थोरली भावंडं किंचित पुढे निघाली. जबाबदारीची जाणीव, भावनिक स्थैर्य, इतरांशी जुळवून घेणं यांत जन्मक्रमाने काही फरक पडलेला दिसला नाही.

तरी घरोघरी हे खरं वाटतं, कारण आपण विशीतल्या ताईची तुलना पंधरा वर्षांच्या भावाशी करतो. तो फरक वयाचा असतो. पुढे भाऊ तिशीला आला तरी घरात त्याच्याबद्दलचं मत तेच राहतं.

आणि उत्तर तर तुझ्याच पत्रात आहे. ऑफिसात तो टीम सांभाळतो, म्हणजे जबाबदारी त्याला झेपते. भावंडांतली वागणूक बरीचशी त्या घरापुरती असते. बाहेर माणूस वेगळा वागू शकतो. मग तुझ्यासमोरच तो धाकटा का होतो? मला वाटतं, तिथे त्याला एक ताई आयती मिळाली आहे. भावांची दप्तरं भरणारी मुलगी आता त्याची डॉक्टरची वेळ घेते. तो आळशी आहेच, पण त्याला सांगायच्या आधी तू ते काम उरकलेलं असतं, हेही खरं ना?

लग्न टाळण्याचं कारण याहून वेगळं असू शकतं. पैशाची चिंता, आईवडिलांचं बिनसलेलं नातं, किंवा त्याला तुझ्याशी लग्न करायचंच नाही. शेवटची शक्यता लिहिताना मलाही जड जातंय, पण 'शेंडेफळ आहे बिचारा' म्हणून तू नेमकी तीच चाचपायचं टाळते आहेस असं वाटतं.

तेव्हा त्याची कामं आजपासून त्याची त्याला करू दे. डॉक्टरची वेळ चुकली तर चुकू दे, तापाबिपाचं असेल तर गोष्ट वेगळी. लग्नाबद्दल एकदाच, भांडण नसताना विचार: "तुला माझ्याशी लग्न करायचं आहे का? नक्की कशाने अडलंय?" कारण सांगितलं तर ऐकून घे, लगेच त्यावर तोडगा काढायला बसू नकोस. (तुला हेच सगळ्यात कठीण जाणार आहे.) विचाराला वेळ मागितला तर किती हवा ते त्यालाच सांगू दे. ती मुदत उलटूनही "घाई काय आहे?" आलं, तर ते 'नाही' समज आणि आपली वाट धर.

राहिली त्याची ताई. तिला यात अजिबात घेऊ नकोस. त्याच्यावर रागावणारी आणखी एक मोठी बहीण आली, की तो हसून दोघींनाही टाळेल.